चाळीस अंश

पीठ सांडलं आणि आई हसली.

एवढंच झालं होतं. तुतींची बादली घेऊन ती स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली आणि त्याच क्षणी स्टुलावर उभ्या असलेल्या बंबचं कोपर वाडग्याच्या काठाला लागलं. ओंजळभर पीठ ओट्यावरून खाली आलं, थोडं ओट्याशी उभ्या तिच्या आईच्या चपलांवर बसलं, थोडं खिडकीतल्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात नुसतंच तरंगत राहिलं. बंब पाच वर्षांचा, अंगानं गोल, म्हणून घरात त्याला बंब म्हणायचे. तो जागच्या जागी थिजला. त्याची बहीण ठकी, नऊ वर्षांची, तिनं श्वास आत ओढून धरला. आणि दारात त्यांची आईही थिजली, सदतीस वर्षांची बाई, बादलीच्या कडीचा वळ तळहातावर उमटत असताना. कारण पीठ सांडल्यावर पुढं काय होतं ते तिला या दोघांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तिची आई काही बोलत नाही. झाडू घेते, झाडते, सुपली रिकामी करते, आणि मग दिवे लागेपर्यंत, कधी दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत, कुणाशीच बोलत नाही. पण आई हसली. मान मागं टाकून, खालच्या दातांतली फट दिसेपर्यंत हसली. "अरे गाढवा, आजीला पावडर लावलीस की!" ती म्हणाली आणि वाकून चपलेवरचंच पीठ बोटावर घेऊन तिनं बंबच्या नाकाला लावलं. मग ठकीचा श्वास सुटला, बंब स्टूल हलेपर्यंत हसला, आणि तिघांचं हसणं ओट्याभोवती असं गोल फिरत राहिलं की दारातल्या माणसाला त्यात शिरायला फट मिळेना. बादली खाली ठेवायची ती विसरूनच गेली.

"आता बघ, ठके," आई म्हणाली. ठकीच्या हातावर तिनं आपला हात ठेवला आणि दोन्ही हात मिळून वाडग्यात गेले. "बोटांची टोकं फक्त. तळहात लागू द्यायचा नाही. तळहात गरम असतो, लोणी वितळतं. चिमटीत घ्यायचं, सोडायचं. घ्यायचं, सोडायचं. हां. माझी बाय ती!"

दारात उभ्या तिच्या तोंडात काहीतरी आलं. जिभेच्या खाली, दोन्ही कडांना, लोखंडी किल्ली चोखावी तशी चव. ती शास्त्र शिकलेली होती, आणि अंगात काही झालं की आधी त्याला नाव द्यायचं, बाकीचं मागाहून, ही तिची सवय. भूक म्हणावी तर डबा खाऊन चार तास झाले होते, पण भूक पोटात लागते. ऊन म्हणावं तर ते डोक्यात चढतं. नाव सापडलं तेव्हा तिला ते आवडलं नाही. शेजारणीच्या पडद्यांचा हेवा वाटावा, बरोबरीच्या मैत्रिणीच्या बढतीचा वाटावा. तो माणसाला शोभतो तरी. नऊ वर्षांच्या आपल्याच पोरीच्या हाताचा हेवा करायचा म्हणजे काय? त्या हाताची नखं कालच तिनं स्वतः कापून दिली होती. आणि तरी ती बघत होती ते हेच, की आईचा तो सुरकुतलेला, सांध्यांवर जाड झालेला हात कसा पुरता झाकून बसला आहे ठकीच्या हातावर, जसं काही तिथंच बसायला तो इतकी वर्षं थांबला होता.

"आणलीस? ठेव तिथं," आई तिच्याकडे न बघता म्हणाली. "देठं काढायची राहिलीत सगळी. तू काढ. बारीक काम आहे, तुला जमेल."

म्हणून ती बाहेरच्या टेबलाशी बसली, नखं कापायची छोटी कात्री घेऊन. पिकली तरी तुती देठाला धरून असते. हिरवा, मऊ, पाव इंच देठ, ओढला तर सोबत गराचं बोंड घेऊन येतो, म्हणून कापावा लागतो. एक, दोन, तीन. मोजायचं कारण काही नव्हतं. आतून आवाज येत होते आणि मोजलं की ते जरा लांब जात. दिवस तसा चांगला गेला होता. कालव्याच्या काठी तुतीची सात-आठ झाडं, कुणीच न लावल्यासारखी. नवऱ्यानं बूट काढून फांदीवर चढून झाड हलवलं होतं, खाली तिनं आणि ठकीनं जुनी चादर ताणून धरली होती, आणि तुती चादरीवर टपटप पडत होत्या. बंब चादरीखाली शिरून वर बघत होता, पांढऱ्या कापडाला जांभळे डाग कसे आतून उमलतात ते. तिथंही एक गोष्ट झाली होती, पण तेव्हा तिनं तिला नाव दिलं नव्हतं. पहिली पूर्ण काळी तुती ठकीला सापडली, ती तिनं दोन बोटांत धरून, कुणाचा धक्का लागू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा करून आणली, आणि आपल्या आईच्या अंगावरून, अगदी गुडघ्याला फ्रॉक घासून, पुढं जाऊन घडीच्या खुर्चीत बसलेल्या आजीच्या तोंडात घातली. सत्तर, एकाहत्तर. परतताना गाडीत ठकी म्हणाली, "आजी, याचा पाय करू या ना, तू बेकरीत करायचीस तसा!" "तुतीला पाय असतो?" बंबनं विचारलं. "खायचा पाय रे, बावळट, इंग्रजीतला. कणकेत फळं भरून भाजतात तो." "मी नाही कुणाचा पाय खाणार." आई इतकी हसली की तिनं पदरानं डोळे पुसले. आणि पुढच्या सीटवर नवरा गिअर टाकता टाकता हळूच म्हणाला, "आज विचार त्यांना. सोमवारी त्यांना घरमालकाला सांगायचंय, खोली ठेवणार की सोडणार. मागची खोली आपल्याकडे रिकामीच पडलीय. किती दिवस नुसतं बघते, बघते?" ती म्हणाली, "बघते." मुलांना सुट्टी म्हणून आई तीन आठवड्यांसाठी आली होती. त्यातला हा शेवटचा शनिवार.

तीस वर्षं आई बेकरीत कणकेच्या टेबलाशी उभी होती. पहाटे निघायची, दुपारी दोनला यायची, आणि तिच्याआधी जिन्यातून वास यायचा, लोण्याचा, खमिराचा, करपलेल्या साखरेचा. लहानपणी तिला वाटायचं, आईच्या अंगालाच तो वास आहे, रक्तातला. आई आली की हात धुवून आडवी व्हायची आणि तो वास उशीत जायचा. घरी पीठ म्हणून नव्हतं. "दिवसभर तेच करते, घरात नको मला ते," आई म्हणायची, आणि बेकरीतून आणलेला मोडका पाव दोघी खायच्या. एकदा शाळा लवकर सुटली. सहा वर्षांची ती, दप्तरासकट सरळ बेकरीत गेली. पत्रा मारलेलं लांबच लांब टेबल, त्याला लागून अकरा बायका, आणि आईपुढं ओल्या फडक्याखाली झाकलेला कणकेचा गोळा. त्या फडक्याचं टोक वर होत होतं, खाली जात होतं. खाली कुणीतरी झोपलं असावं तसं. तिनं टोक उचललं आणि एक बोट आत घातलं. बोट आत गेलं, कणीक कोमट होती, आणि बोट काढलं तरी भोक तसंच राहिलं. ते भोक बघून ती आईकडे हसत वळणार, तेवढ्यात कणीक कापायची पत्र्याची पट्टी तिच्या हातावर आली. सपाट बाजूनं. चप्. लागलं काहीच नाही. पत्रा गार होता, तेवढं आठवतं. "हात लावू नको," आई म्हणाली, आणि अकराही बायका कामात मान घालून बसल्या. मालक दारात उभा होता हे तिला फार वर्षांनी आठवलं. त्या दिवशी फक्त पट्टी दिसली होती.

आता ती वजनं तपासते. दुकानांतली, दवाखान्यांतली, औषधाच्या कारखान्यांतली वजनं तिच्या प्रयोगशाळेत येतात, मखमलीच्या खाचांत पहुडलेली, आणि ती त्यांना प्रमाण वजनांशी ताडून बघते. वजनाला हात लावायचा नसतो. चिमट्यानं उचलायचं, चिमट्यानं ठेवायचं. बोटाचा ठसा राहिला तरी तो काट्यावर भरतो. नव्या मुली कामाला लागल्या की पहिल्या दिवशी ती त्यांना हेच सांगते, हात लावू नका, आणि सांगताना आवाज जरा कोरडा होतो. तो आवाज कुठून आला आहे हे तिला माहीत असतं. दुसरा नियमही ती सांगते: आधी नोंद, मग दुरुस्ती. समोरची वस्तू चुकीची आहे असं कितीही वाटलं तरी ती आत्ता काय दाखवते आहे ते आधी लिहायचं, आणि मगच तिला हात घालायचा. नाहीतर चूक कुठं होती हे पुन्हा कुणालाच कळत नाही. दोनशे नऊ, दोनशे दहा. बोटं जांभळी झाली होती, नखांच्या कडा काळ्या. आत बंब विचारत होता, "आजी, मी पण बाय?" आणि आई म्हणत होती, "तू माझा बाप्या." तिला आठवेना, आपण कोण होतो. आई तिला 'अगं' म्हणायची. अजूनही म्हणते. त्याला नाव म्हणत नाहीत, ती फक्त हाक आहे.

चारशे बारा तुती. ती भांडं आत घेऊन गेली तेव्हा कणकेची चकती ताटात बसली होती, काठावर ठकीच्या बोटांचे खळगे पडलेले, एक खोल, एक उथळ, आणि आई ते बघून म्हणत होती, "वा, हा काठ तर विकत मिळायचा नाही." तिच्या हातून खळगे एकसारखे आले असते. तिनं भांडं ठेवलं. आईनं तुतींवर साखर घातली, लिंबू पिळलं, मूठभर पीठ भुरभुरवलं, सगळं अंदाजानं; तिचा स्वयंपाकघरातला काटा, जो तिनं कामावर नेऊन तपासून आणला होता, फडताळावर उगीच बसून होता. वरची चकती बसली. ठकीनं सुरीनं तिला चार चिरा दिल्या. मग आई ओव्हनशी गेली, दाराकडे पाठ करून वाकली आणि मुलांना म्हणाली, "भट्टी दोनशे पाहिजे. दोनशेच्या खाली पापुद्रा सुटत नाही, वर गेली तर जळून कोळसा."

दोनशे. तिच्या मनात पहिल्यांदा आला तो आकडा, आणि मागोमाग दुसरा, दोनशे चाळीस. हा ओव्हन चाळीस अंशांनी जास्त तापतो. घरात आल्यावर पहिल्याच महिन्यात प्रयोगशाळेतला तापमापक आणून तिनं तीन संध्याकाळी तो तपासला होता, आणि दोन रकाने आखून एक कागद केला होता: डावीकडे बटण, उजवीकडे खरं. फडताळाच्या दाराला आतून तो चिकटवलेला होता. दोनशे हवे असतील तर बटण एकशे साठवर. बटणावरचे आकडे पुसून पुसून गेले होते, उजेड तिरका धरून वाकल्याशिवाय दिसत नसत, पण नवऱ्याला आणि तिला आता हातानंच कळायचं. आईला कुणी सांगितलं नव्हतं. तीन आठवड्यांत आईनं ओव्हन लावलाच नव्हता.

सांगायला एक श्वास पुरला असता. 'आई, तो चाळीसनं जास्त आहे.' पाच शब्द. ती दारात उभी होती, तोंड उघडंही झालं असेल, कारण आई वळली आणि तिच्याकडे तिनं पाहिलं, क्षणभर, जरा भुवई उचलून, काही म्हणतेयस का, अशी. आणि ती काही म्हणाली नाही. जिभेखालची चव पुन्हा आली आणि या वेळी ती इतकी वाईट लागली नाही. एकदा होऊन जाऊ दे. वरून काळा, कडू, चाकू लावला की फुटणारा. मग ठकी बघेल, आजीचा हातही चुकतो. मग ते हसणं कुठं जातं तेही बघू. हे सगळं तिनं शब्दांत म्हटलं नाही. ती फक्त म्हणाली, "मी बूट धुते सगळ्यांचे," आणि निघून गेली.

न्हाणीघरात चार जोड बूट आणि आईच्या चपला. कालव्याची माती बोटभर जाड. ती खाली बसून ब्रश मारत राहिली. बंबच्या बुटात एक चिरडलेली तुती निघाली. पाण्याबरोबर जांभळा ओघळ जाळीकडे गेला आणि साबणाचा फेस लागताच निळा झाला. साबण लावला की निळा, लिंबू लावलं की तांबडा. मुलांना दाखवायला हवं, ती म्हणाली मनाशी, हे माझ्याकडून शिकतील. आणि लगेच तिला स्वतःचं हसू आलं. कशाकशाची वाटणी करत बसली होती ती? आत त्या दोघांनी आयुष्यातली पहिली कणीक मळली होती. बंब दहा दहा मिनिटांनी विचारत असणार, झाला का. काळं ताट बाहेर येईल तेव्हा तो रडणार नाही, तो आधी आजीच्या तोंडाकडे बघेल. मघाशी पीठ सांडल्यावर बघितलं तसं. आणि आजीच्या तोंडावर या वेळी हसू नसेल. मग काय असेल ते तिला पाठ होतं. ते तोंड तिच्या पोरांनी बघावं अशी सोय ती करून आली होती.

ती ओल्या हातांनीच उठली. बैठकीत नवरा तोंडावर टॉवेल टाकून घोरत होता. स्वयंपाकघर रिकामं, आई मुलांना घेऊन गॅलरीत हात झटकत होती, बंबच्या केसांतलं पीठ उडवत होती. ओव्हनची लाल खूण पेटलेली. वेळ नव्हता, कुणी पाहायला नको होतं. तिनं बटण धरलं आणि डावीकडे एक पेरभर फिरवलं. चाळीस अंश. हाताला माहीत होतं. वाकून बघितलं नाही. मग ती बाहेर आली आणि न्हाणीघरात जाऊन उरलेला एक बूट तिनं दोनदा धुतला.

आईनं ताट आत सारलं आणि ओव्हनपुढं बुटका स्टूल ओढला. मुलं दोन बाजूंना फरशीवर. घड्याळाकडे आईनं एकदाही पाहिलं नाही. बेकरीत घड्याळ नव्हतंच, नाक होतं. "आधी लोण्याचा वास येईल," ती मुलांना सांगत होती, "मग पिठाचा, भाजल्यासारखा. मग साखर उकळून बाहेर येईल, तिचा. तो आला की मोजायचे शंभर, आणि काढायचा." वीस मिनिटं झाली. टेबलाशी बसून ती भिंतीवरचं घड्याळ बघत होती. लोण्याचा वास आला, मंद, दूरच्या घरातून यावा तसा. अर्धा तास झाला. "आजी, दुसरा वास?" ठकीनं विचारलं. "येईल गं." पस्तीस. बंबनं काचेला नाक लावलं आणि ओरडा खाल्ला, बारीकसा, लाडाचा. आईनं मान पुढं केली. डोळे मिटले. मग ओव्हनचं दार बोटभर उघडून वास घेतला आणि लावून टाकलं. पुन्हा उघडलं. आपली मनगटं तिनं नाकाशी नेली, हुंगली, जशी काही नाक चालतं की नाही ते तपासत होती. आणि तिच्या आईच्या चेहऱ्यावर तिनं कधी न पाहिलेलं काहीतरी दिसलं. राग तिला ओळखीचा होता, गप्प बसणं ओळखीचं होतं. हे नवं होतं. आई घाबरली होती.

चाळीस मिनिटांनी आईनं ताट बाहेर काढलं. पांढरा. चिरांतून जांभळा रस वर येऊन थबकला होता, वरचा पापुद्रा कागदासारखा, ओला. आईनं कडेला बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला.

"जमला?" बंबनं विचारलं, आणि आजीच्या तोंडाकडे पाहिलं.

"फसला, राजा." आई स्टुलावर बसली. "जा, गॅलरीत खेळा जरा. जा म्हटलं ना."

मुलं गेली. ठकी जाताना मागं बघत गेली. सोफ्यावरून टॉवेलखालून आवाज आला, "झाला का पाय?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा घोरणं सुरू झालं. आई आपले हात बघत होती, पालथे, उताणे.

"नाक गेलं माझं," ती म्हणाली. "वास येईना म्हणजे काय? तीस वर्षांत असं झालं नाही. तुला म्हणून सांगते, सोमवारी मी घरमालकाला कळवते, खोली राहू दे म्हणून. जावईबापूंनी विषय काढला होता. मी म्हटलं, तिनं विचारलं तर बघू. पण आता नकोच. नाक गेलेलं माणूस लोकांच्या घरी बसून काय करणार?"

लोकांच्या घरी. शब्द ओट्यावर पडून राहिला. तिला एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं. तीन आठवडे जे जमलं नव्हतं ते आपोआप झालं असतं. आई परत आपल्या खोलीत, मुलं परत तिची, पहिली काळी तुती परत तिच्या तोंडात. कुणाला काही कळलं नसतं. तिनं आयुष्यभर चुका शोधल्या होत्या आणि ही चूक कुठं आहे ते जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

"तुझं नाक ठीक आहे," ती म्हणाली. "मी बटण फिरवलं. ओव्हन चाळीसनं जास्त तापतो. तू दोनशेवर लावलंस म्हणून मी खाली आणलं."

आईनं मान वर केली. "मी कुठं दोनशेवर लावलं?"

"तू म्हणालीस ना. भट्टी दोनशे."

"भट्टी दोनशे म्हणाले. बटण एकशे साठ." आई उठली, फडताळाचं दार उघडलं आणि आतल्या कागदावर जांभळं बोट ठेवलं. "हे तुझंच अक्षर ना? डावीकडे बटण, उजवीकडे खरं. आले त्याच दिवशी वाचलं, चहाचा डबा शोधताना. सगळं वाचलं. खाली तारीखसुद्धा घातलीस."

ती ओव्हनशी गेली आणि आता, चाळीस मिनिटांनी, उजेड धरून वाकली. बटण एकशे वीसवर होतं. आधी नोंद, मग दुरुस्ती. कामावरची एखादी नवी मुलगी असती तर तिनं तिला फैलावर घेतलं असतं.

"मी वळून तुझ्याकडे पाहिलं पण," आई म्हणाली. "दोनशे म्हणाले तेव्हा. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, हिला माहीत आहे मी कागद वाचला असणार. विश्वास आहे म्हणून गप्प आहे." तिनं कागदावरचं बोट काढलं. "बरं वाटलं मला."

इथंही सोडून देता आलं असतं. हा गैरसमज तर चांगला होता, दोघींना पुरला असता. पण वजनात केसभर खोट राहिली तरी तिला झोप येत नसे.

"विश्वास नव्हता," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तू दोनशेवरच लावलंयस. तरी गप्प बसले. वाटलं, जळू दे."

गॅलरीत बंब कशाची तरी गाडी करून ढकलत होता, तोंडानं आवाज करत. आईनं ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पाय जळू दे, की मी?"

"दोन्ही."

आईच्या नाकातून एकदाच हवा बाहेर आली. ते हसणंच होतं, पण मघाचं पोटातलं नव्हे. लहान, कोरडं, मुलांपुढं कधी न आलेलं. मग तिनं ताट उचलून परत आत सारलं, कागदाकडे एकदा नजर टाकली आणि बटण फिरवलं. "बघून घे," ती म्हणाली. "एकशे साठ." तिनं वाकून बघितलं. एकशे साठ.

बराच वेळ आई ओट्यावरचं पीठ तळहातानं गोळा करत राहिली. "तुझ्या वेळचं पीठ माझं नव्हतं," ती म्हणाली, ओट्याकडे बघतच. "हे माझं आहे." आणि वाडग्यात उरलेलं पीठ आणि लोण्याचा तुकडा तिच्यापुढं सरकवला. "हात धू. गार पाण्यानं. साबण नीट काढ."

तिनं हात धुतले. जांभळं निळं झालं, निळं वाहून गेलं, नखांत राहिलं. तिनं सवयीनं आजूबाजूला पाहिलं, काटा, चमचा, काही तरी मधे धरायला. मग बोटं तशीच पिठात घातली. लोणी गार होतं, पीठ त्याहून कोरडं, दोन्ही बोटांखाली निसटत होतं. आईनं हातावर हात ठेवला नाही. शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लागेल न लागेल अशी, आणि बघत राहिली.

"तळहात लागतोय."

"नाही लागत."

"मला दिसतंय ना. वर धर. सदतीस वर्षांची झालीस, चिमटीत धरता येत नाही? वजनं उचलतेस ना चिमट्यानं? तसं." तोच कोरडा आवाज. पत्र्याच्या पट्टीचा. मुलांना हा आवाज तीन आठवड्यांत एकदाही मिळाला नव्हता, आणि मिळणारही नव्हता. तो तिच्या एकटीसाठी ठेवलेला होता, इतकी वर्षं, जसाच्या तसा. तिनं तळहात उचलला. पीठ चिमटीतून भुरभुरत खाली पडलं, रव्यासारखं, आणि पहिल्यांदाच बरोबर पडलं हे तिला आईनं सांगण्याआधी कळलं.

"आई, मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं," ती म्हणाली.

"बोलू नको. लोणी वितळतं."

"बोलण्यानं लोणी वितळत नाही."

"माझ्या हाताखाली वितळतं." आईनं चिमूटभर पीठ आणखी टाकलं. मग म्हणाली, "सोमवारी सांगते त्याला. सोडते म्हणून. तुझ्या त्या कागदाची एक नक्कल मला मोठ्या अक्षरांत करून दे."

ओव्हनमधून वास आला. लोण्याचा, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, भाजल्यासारखा. आईनं डोळे मिटून मान हलवली. दारात ठकी उभी होती. कधीपासून, कोण जाणे. वासानं आली असेल म्हणावं तर ती ओव्हनकडे बघत नव्हती. ती वाडग्याकडे बघत होती, आपल्या आईच्या बोटांकडे, आजीच्या खांद्याकडे.

"आजी," ती म्हणाली, "मला नाही कधी तू अशी रागावलीस."

"तुला कशाला रागावू, माझी बाय ती?"

ठकीची जीभ खालच्या दातांच्या आत काहीतरी चाचपत होती. ओट्याशी तिघींपुरती जागा होती. जरासं डावीकडे झालं की झालं. वाडग्यात हात असलेल्या तिच्या आईला ते दिसलं, ती लोखंडी चव आठवली, आणि तरी, अजून थोडा वेळ, ती सरकली नाही.